आठ सोमवारांची भिंत

संग्रहालय बघायला जायचं, हे पेंटरच्या घरात एकदा ठरलं नाही, चार वेळा ठरलं. दर वेळी ठरवायला जेवढा वेळ लागला तेवढ्यात एखादा माणूस जाऊन, सगळं बघून, परत येऊन, जेवून झोपलासुद्धा असता. नमनाला घडाभर तेल म्हणजे काय हे ज्याला बघायचं असेल, त्याने त्या महिन्यात कुठल्याही संध्याकाळी सहा वाजता पेंटरच्या स्वयंपाकघरातल्या टेबलाशी येऊन बसायला हवं होतं. चहा मिळाला असता, निर्णय मिळाला नसता.

पेंटर म्हणजे घरं रंगवणारा माणूस. भिंती, छतं, दारं, खिडक्यांचे गज. शहर समुद्राकाठचं, हवा खारी, आणि वर्षातले आठ महिने दुपारी तीनच्या सुमाराला पाऊस यायचा तो यायचाच. अशा गावात रंग दोन वर्षं टिकला तर लोक पाहुण्यांना दाखवतात. त्यामुळे पेंटरला कामाची ददात कधीच नव्हती. त्याच्या स्वतःच्या घरात मात्र मोरीवरच्या भिंतीचे पोपडे भांड्यांत पडायचे, आणि बायको ते वेचताना "दिव्याखाली अंधार" असं रोज एकदा म्हणायची. ती चष्म्याच्या दुकानात काउंटरवर बसायची. लोकांना नीट काय दिसतं आणि काय दिसत नाही, हे विचारण्यातच तिचा दिवस जायचा, म्हणून घरीसुद्धा तिच्या नजरेतून काही सुटत नसे.

तिचे वडील दोन गल्ल्या सोडून राहायचे. सगळे त्यांना मास्तर म्हणत. चौतीस वर्षं त्यांनी शाळेत चित्रकला शिकवली होती, आणि आता निवृत्त झाले तरी समोरच्या माणसाकडे ते अजून तपासायच्या वहीसारखं बघायचे. रोज संध्याकाळी सासूबाईंना घेऊन ते लेकीकडे चहाला यायचे. जावयाशी त्यांचं वागणं अगदी सभ्य. एकोणीस वर्षांत ते पेंटरला एक वाईट शब्द बोलले नव्हते. वाईट कशाला, त्याच्या कामाबद्दल कुठलाच शब्द बोलले नव्हते. "शिडीवर जपून चढत जा," एवढंच काय ते बोलणं. एकदा पेंटरने त्यांना मोठ्या हौसेने एक नवं रंगवलेलं घर बघायला नेलं, तर वासाने डोकं दुखतं म्हणून मास्तर बाहेर पायरीवरच बसून राहिले आणि घरमालकाच्या मांजराचं कौतुक करून परत आले.

पेंटरला हे लागत होतं. तो बोलून दाखवत नव्हता, पण ज्या माणसाला रंग कळतो त्याने आपला रंग बघू नये, हे त्याच्या मनाला एकोणीस वर्षं डाचत होतं. आणि आता त्याच्याकडे दाखवण्यासारखं काहीतरी होतं.

गेली चार वर्षं संग्रहालयाच्या भिंतींचं काम त्याच्याकडे होतं. या वर्षी तिथे बर्फाच्या चित्रांचं प्रदर्शन भरायचं होतं. शहरातल्या लोकांनी बर्फ बघितला होता तो फ्रीजमध्ये, त्यामुळे गाजावाजा पुष्कळ झाला. प्रदर्शन लावणाऱ्या मॅडमनी पेंटरला नखाएवढा रंगीत कागद दिला आणि पश्चिमेची मोठी भिंत दाखवली. ती भिंत म्हणजे त्या इमारतीचं जुनं दुखणं. समुद्राची सगळी ओल ती पिऊन घ्यायची आणि कुठलाही रंग तीन महिन्यांत थुंकून टाकायची. मॅडम म्हणाल्या, "रंग हाच हवा. आणि एक लक्षात ठेवा, भिंत दिसली नाही पाहिजे. चित्रं दिसली पाहिजेत." पेंटरने दोन सोमवार नुसतं खरवडण्यात घालवले आणि पुढच्या आठ सोमवारी रंगाचे आठ हात मारले. प्रदर्शन सुरू झाल्यावर पेपरात आलं की चित्रं जणू हवेत तरंगताहेत, भिंत आहे हे जाणवतच नाही. पेंटरने ते कात्रण पाकिटात ठेवलं. ते आपल्याचबद्दल आहे याविषयी त्याला शंका नव्हती.

पण सासऱ्यांना "मामा, माझी भिंत बघायला चला" असं सरळ म्हणेल तर तो पेंटर कसला. ताकाला जाऊन भांडं लपवायची त्याची जुनी खोड. तो म्हणाला, "संग्रहालयात बर्फाची चित्रं लागली आहेत. सगळे मिळून जाऊ या."

मास्तर खुलले. नव्या इमारतीत ते कधी गेले नव्हते. दुसऱ्याच दिवशी त्यांनी वाचनालयातून तीन जाड पुस्तकं आणली, एक कोरी वही घेतली आणि टेबलाशी बसून नियोजन सुरू केलं.

"दालनं किती आहेत?" त्यांनी जावयाला विचारलं.

"सात. आणि एक शिड्यांची खोली."

"त्या खोलीत काय बघायचं?"

"शिड्या."

मास्तरांनी वहीत सात लिहिलं.

"बसायला काही आहे का हो?" सासूबाईंनी विचारलं. त्यांचे गुडघे त्यांच्याआधी थकायचे.

"बादल्या असतात. उलटी घालून बसलं की छान बसता येतं."

"तिकिटाची रांग मोठी असते का?" बायकोने विचारलं.

"तिकीट कसलं? दारावर वही असते, तिच्यात सही करायची आणि आत जायचं."

"बघा," मास्तर म्हणाले, "कलेची कदर अशी असते."

"शेजारच्या शिंपीणबाई सांगत होत्या, आत एसीने दातखीळ बसते. शाल न्यायला हवी," सासूबाई म्हणाल्या.

"त्या दुसऱ्याच कुठल्या तरी इमारतीत गेल्या असतील. आत माणूस घामाने निथळतो. पंचा न्या."

"गर्दी?"

"काळं कुत्रं नसतं. सोमवारी जायचं. सोमवार उत्तम."

सोमवारी बायकोला सुट्टी असायची आणि परीक्षेच्या अभ्यासासाठी बबडीची शाळा बंद होती, त्यामुळे सोमवारला कोणी हरकत घेतली नाही. बबडी म्हणजे पेंटरची मुलगी. वय पंधरा, आणि या घरात सरळ प्रश्न विचारणारी तेवढी एकच.

"बाबा, चित्रं कशी आहेत?"

"मोठी आहेत."

"तू बघितलीस?"

"बघितली की. कागदात गुंडाळलेली होती."

बबडीने बापाकडे जरा वेळ बघितलं. "मी फोनवर बघू का, उघडं किती वाजता असतं ते?"

"हातच्या काकणाला आरसा कशाला? चार वर्षं जातोय मी तिथे. मला विचार, फोनला काय विचारतेस?"

बबडीने फोन खाली ठेवला. आता, ज्याला ही हकीकत बाहेरून ऐकायला मिळते आहे त्याला सगळं कळून चुकलं असेल. रंगाच्या वासाने बघायला येणाऱ्यांची डोकी उठतात, म्हणून संग्रहालयवाले पेंटरला बोलवायचे ते बंदच्या दिवशी. चार वर्षांत तो तिथे मोजून पन्नास वेळा गेला होता, आणि पन्नासही वेळा सोमवारी. संग्रहालय उघडं कसं दिसतं हे त्याला ठाऊक नव्हतं, आणि आपल्याला ते ठाऊक नाही हेही त्याला ठाऊक नव्हतं. घरचे बिचारे त्याच्यावर विसंबले. जो माणूस नेहमी जातो त्याला नाही विचारायचं तर कोणाला?

पहिला सोमवार मास्तरांच्या दाढेने खाल्ला. दुसरा सासूबाईंच्या गुडघ्याने. तिसऱ्या सोमवारी बायकोच्या दुकानात मालाची मोजणी निघाली. प्रत्येक वेळी पेंटर कॅलेंडरवरचे उरलेले सोमवार मोजायचा. प्रदर्शन महिनाअखेरपर्यंत, आणि नंतर ती भिंत पांढरी करायची, हे मॅडमनी त्याला सांगून ठेवलं होतं. पांढरी करणार कोण, तर तोच. चौथा सोमवार बरोबर तीस तारखेचा निघाला. "या सोमवारी भूकंप झाला तरी जायचं," असं पेंटरने जाहीर केलं. त्याला एवढं ठासून बोलताना कोणी ऐकलं नव्हतं, म्हणून सगळ्यांनी ऐकलं.

त्या दिवशी पाच जण, पाच छत्र्या आणि पाण्याच्या चार बाटल्या घेऊन बसमधून उतरले. मास्तरांनी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा घातला होता. वहीत त्यांनी सात दालनांचं वेळापत्रक आखलं होतं, कुठे किती मिनिटं थांबायचं आणि कुठल्या दालनाआधी पाणी प्यायचं इथपर्यंत. पेंटर पाय नेतील तसा मागच्या गल्लीत वळला.

"इकडे कुठे?" मास्तर थांबले. "मुख्य दार पुढे आहे ना?"

"आहे. पण ते मी कधी उघडं बघितलेलं नाही."

"चित्रं बघायला माणसाने पुढच्या दाराने जावं," मास्तर म्हणाले आणि छत्री पुढे धरून चालू लागले.

पुढच्या दाराला कुलूप होतं. शेजारी संगमरवरावर कोरलेली पाटी होती. दिसेल ते मोठ्याने वाचायची सवय सासूबाईंना होती, म्हणून त्यांनी वाचलं. "सोमवारी बंद." मग खाली चिकटवलेला कागदही वाचला. "बर्फाच्या चित्रांचे प्रदर्शन काल संपले. प्रतिसादाबद्दल आभार. हे दालन आजपासून कामासाठी बंद."

 बबडी फक्त "बाबा" म्हणाली.

"चार वर्षांत ही पाटी तुम्हाला दिसली नाही?" बायकोने विचारलं.

"पाटी पुढच्या दाराला आहे," पेंटर म्हणाला. ते खरंच होतं, पण अशा वेळी खऱ्याचा काही उपयोग नसतो.

मास्तरांनी वही मिटून पिशवीत घातली. ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. "चला, घरी जाऊ," ते शांतपणे म्हणाले. "चूक कोणाचीही होते."

 आजचा दिवस गेला की दालन बंद, आणि पुढच्या सोमवारी हातात पांढऱ्या रंगाची बादली. त्याने सासऱ्यांचा दंडच धरला. असं त्याने आधी कधी केलं नव्हतं, आणि मास्तरही इतके चकित झाले की निमूट त्याच्याबरोबर मागच्या गल्लीत आले.

मागच्या दाराशी रखवालदार टेबलावर छोटा पंखा लावून बसला होता.

"काय पेंटर, तुमचं काम पुढच्या सोमवारी ना?"

"दहा मिनिटं आत सोडा. घरची माणसं आहेत."

"सोमवारी फक्त कामगार," रखवालदार म्हणाला. मग त्याने पाच घामाघूम तोंडांकडे बघितलं आणि मॅडमना फोन लावला. बराच वेळ तो नुसतं हो हो म्हणत होता. "मॅडम म्हणताहेत दहा मिनिटं चालतील. पण नियमाने. पेंटरबरोबर चार मदतनीस आणायची परवानगी आहे, तेव्हा चौघांनी वहीत नाव लिहायचं, काम या रकान्यात मदतनीस लिहायचं, आणि टोपी घालायची. आत खोकी उतरवताहेत."

सासूबाईंनी लगेच सही केली आणि प्लास्टिकची पिवळी टोपी अंबाड्यावर बसत नाही म्हणून जरा तिरकी घातली. बायकोने सही केली. बबडीने सही केली आणि आजीचा फोटो काढला. मास्तरांनी पेनाला हात लावला नाही.

"मी चौतीस वर्षं चित्रकला शिकवली," ते म्हणाले. "आणि आता मदतनीस म्हणून सही करू? बरं, आत आहे काय? चित्रं उतरवलेली. रिकामी भिंत बघायला डोक्यावर टोपलं घालून जायचं?"

"हो मामा," पेंटर म्हणाला.

मास्तरांनी त्याच्याकडे बघितलं.

"भिंतच बघायची आहे. चित्रांचं मी उगाच सांगितलं. ती आत कशी आहेत ते मलाही माहीत नाही." आता थांबलो तर पुन्हा सुरू होणार नाही हे पेंटरला कळत होतं. "मॅडम म्हणाल्या होत्या, भिंत दिसता कामा नये. मी तशी केली. महिनाभर माणसं आली, कोणालाच दिसली नाही. कामच तसं होतं, तक्रार नाही माझी. पण एका माणसाने तरी ती बघावी असं वाटतं. रंग कळणारा माझ्या ओळखीत एकच माणूस आहे. तुम्ही एकोणीस वर्षांत माझं काही बघितलेलं नाही, आणि पुढच्या सोमवारी मी ती पांढरी करणार आहे. मग बघायला काही राहायचं नाही."

नवरा दिवसाला साधारण किती शब्द बोलतो हे बायकोला पक्कं माहीत होतं. त्याने आठवड्याचे शब्द एका दमात संपवले होते. तिने वडिलांच्या हातातली छत्री हळूच काढून घेतली.

 मास्तरांनी खिशातून स्वतःचं शाईचं पेन काढून नाव लिहिलं, आणि पुढच्या रकान्यात, फळ्यावर सुविचार लिहायचे त्याच वळणदार अक्षरात, मदतनीस असं लिहिलं. रखवालदाराने दिलेली टोपी त्यांना मोठी झाली आणि भुवयांवर येऊन टेकली.

आत उकडत होतं. सोमवारी एसी बंद असायचा, तेवढं पेंटरचं खरं ठरलं. अर्धे दिवे चालू होते. जमिनीवर लाकडी खोकी होती, हातमोजे घातलेली माणसं चित्रं उतरवून त्यांत ठेवत होती, आणि पलीकडे ती भिंत होती. चाळीस फूट लांब, अगदी रिकामी. पाऊस थांबल्यावर आणि दिवे लागायच्या आधी आकाशाचा जो रंग असतो, निळा म्हणावा तर करडा आणि करडा म्हणावा तर निळा, तो वरपासून खालपर्यंत होता.

सासूबाई एक बादली शोधून उलटी घालून बसल्या. मास्तर भिंतीजवळ गेले. समोर उभं न राहता ते भिंतीला खेटून उभे राहिले, चष्मा काढला, गाल जवळजवळ भिंतीला टेकवला आणि एक डोळा मिटून खिडकीच्या उजेडाच्या दिशेने तिरकं बघितलं.  भिंत अशी बघायची असते हे धंद्यातल्या माणसालाच माहीत असतं. मॅडमनीसुद्धा ती अशी बघितली नव्हती.

"किती हात?" मास्तरांनी डोळा न उघडता विचारलं.

"आठ."

"सगळे एका रंगाचे नाहीत."

"नाहीत. पहिले दोन हिरवट. मग करडा चढवत नेला. शेवटचा हात जवळजवळ पाणीच."

"म्हणून आतून येतोय रंग." मास्तरांनी बोटाच्या पेराने भिंत ठोकली आणि कान दिला. "आणि ओल?"

"विटेपर्यंत खरवडलं. खार पुसून काढला, पंखे लावून वाळवलं, परत पुसला."

मास्तर भिंतीच्या कडेकडेने पावलापावलाने सरकत डाव्या टोकाला पोचले, आणि सांधे कुरकुरत असताना खाली वाकले.

"इथे घाई केलीत," ते म्हणाले. "शेवटचा हात वाळत आल्यावर परत रोलर फिरवलात. वीतभर जागा आहे."

 ती जागा खरीच होती. रखवालदाराला दिसली नव्हती, मॅडमना दिसली नव्हती, पेपरवाल्याला तर भिंतच दिसली नव्हती.

"तीनचा पाऊस त्या दिवशी दोनलाच आला," तो म्हणाला. "वीज गेली. बॅटरीच्या उजेडात केलं."

"म्हणजे मी म्हणतो ते बरोबर."

"बरोबर आहे, मामा."

"मग बॅटरी खालून धरायची. वरून धरली तर ओलं कोरडं कळत नाही." मास्तर कंबर धरून उभे राहिले. "दुसरी कुठे सापडत नाहीये," असं ते जरा चिडूनच म्हणाले, आणि उजवीकडचं अर्धं तपासायला निघाले.

पेंटरला एकोणीस वर्षांत एवढा आनंद झाला नव्हता. त्याने बायकोकडे बघितलं. ती टोपीखालून त्याच्याकडेच बघत होती, आणि तिला सगळं स्पष्ट दिसलं होतं.

तेवढ्यात मॅडम आल्या. त्यांच्यामागून हातमोजेवाले दोघे जण एक मोठं चित्र उचलून आणत होते. मॅडमना वाटलं, एवढ्या उन्हातान्हातून म्हातारी माणसं आलेली, अगदी रिकाम्या हाती कशाला परत जावीत. त्यांनी त्या दोघांना भिंतीपुढे थांबायला सांगितलं.

"काका, नशीबवान आहात," त्या म्हणाल्या. "हेच ते सगळ्यात गाजलेलं. याच्यापुढे लोक तास तास उभे राहायचे. पेटीत जायच्या आधी बघून घ्या."

चित्रात बर्फच बर्फ होता आणि एक काळं झाड. सासूबाईंनी बादलीवर बसल्या बसल्या पदर खांद्यावरून ओढून घेतला. बबडी पुढे येऊन बघायला लागली. मास्तरांनी चित्राकडे बघितलं, मग मान डावीकडे काढली, मग उजवीकडे काढली. दोन्हीकडून चित्रच आड येत होतं.

"फार सुंदर आहे," ते म्हणाले. "पण जरा बाजूला घ्या. मागचं दिसत नाहीये."

हातमोजेवाल्यांनी मॅडमकडे बघितलं. मॅडमनी टोपीतल्या मास्तरांकडे बघितलं, त्यांच्या मागे तोंड फिरवून उभ्या राहिलेल्या पेंटरच्या पाठीकडे बघितलं आणि हाताने खूण केली. चित्र बाजूला झालं.